कृत्रिम गुडघा: तरुण वयात हाडाशी जडलेली पकड किती टिकते?

नवी दिल्ली - केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत म्हणून वसलेल्या सरोजिनी नगरपासून सफदरजंग रुग्णालय आणि एम्स ही दोन्ही रुग्णालये जवळच आहेत. गुडघ्याचे सांधेरोपण आता नवलाईचे राहिलेले नाही. सत्तरीतील रुग्णाला वेदनेपासून सुटका हवी असते. निवृत्तीला पंधरा वर्षे उरलेल्या पंचेचाळिशीतील कर्मचाऱ्यापुढे मात्र आणखी एक प्रश्न असतो: हा सांधा किती वर्षे टिकेल?

तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्यावर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात ही शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ते ७५ वर्षांचे होते. पूर्वी ती प्रामुख्याने अशाच वयात केली जात असे.

पकड कशी बसते?

धातूचे भाग हाडाला जोडण्यासाठी बहुधा अस्थिसिमेंट वापरले जाते. ते डिंकासारखे चिकटवत नाही, तर हाडाच्या छिद्रांत शिरून घट्ट होते. दुसऱ्या पद्धतीत सिमेंट नसते. धातूच्या सच्छिद्र पृष्ठभागात हाडच वाढते. त्यासाठी सुरुवातीला सांध्याचा भाग स्थिर राहावा लागतो. हालचाल सुमारे १५० मायक्रॉनपेक्षा अधिक झाल्यास हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होते आणि पकड कच्ची राहते.

१९८० च्या दशकातील सिमेंटविरहित सांध्यांपैकी अनेक याच कारणाने सैल झाले. नव्या रचनांचे निष्कर्ष आशादायक आहेत. पण त्या सिमेंटपेक्षा निश्चितपणे सरस असल्याचे अद्याप सिद्ध झालेले नाही.

सांधा सैल का होतो?

दोन धातूंमधील पॉलिथिलीनची चकती झिजते. तिच्या सूक्ष्म कणांविरुद्ध शरीरातील पेशी सक्रिय होतात आणि त्या प्रक्रियेत भोवतालचे हाड विरघळू लागते. तरुण रुग्ण अधिक चालतो आणि पुढे अधिक वर्षे जगतो, म्हणून ही झीजही अधिक होते.

'लॅन्सेट' मध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार संपूर्ण गुडघारोपणांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षे टिकतात. मात्र त्याच नियतकालिकातील २०१७ च्या ब्रिटिश अभ्यासात पुनर्शस्त्रक्रियेचा आजीवन धोका सत्तरीनंतर सुमारे ५ टक्के, तर पन्नाशीच्या सुरुवातीच्या पुरुषांत ३५ टक्क्यांपर्यंत आढळला.

दुसरी शस्त्रक्रिया अधिक अवघड असते, कारण तोवर हाड कमी झालेले असते. ती महागही पडते. २०१७ मध्ये केंद्राने किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमच्या पहिल्या सांध्यासाठी ५४,७२० रुपये, तर पुनर्रोपणाच्या सांध्यासाठी १,१३,९५० रुपये ठरले होते. जीएसटी वेगळा होता.

निर्णय घेण्यापूर्वी

तरुण रुग्णाने वजन घटवणे, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, हाडाची दिशा बदलणारी शस्त्रक्रिया किंवा गुडघ्याचे अंशतः रोपण यांचा विचार आधी करावा. हे उपाय पुरेसे नसतील, तर संपूर्ण रोपण हा मार्ग आहेच. रोपणानंतर दुखत नसले तरी ठराविक काळाने एक्स-रे काढून घ्यावा. हाडाची झीज अनेकदा वेदनेच्या आधी तेथेच दिसते.