सामाईक सर्व्हर आणि साठवणीचे विभाजन

बोलींच्या अभ्यासात ध्वनिमुद्रण हाच मूळ पुरावा होय. पैठण रस्त्यावरील चितेगावासारख्या, शेती व कारखाने शेजारी नांदत असलेल्या गावात आज टिपलेला एखाद्या वृद्धेचा उच्चार उद्या पुन्हा मिळेलच असे नाही. म्हणून तो ज्या यंत्रावर ठेवावयाचा, त्याची रचना भाषाभ्यासकानेही जाणून घेतली पाहिजे.

एकाच सर्व्हरवर अनेक पृथक् परिसर निर्माण करता येतात : एकात ध्वनिमुद्रणे, दुसऱ्यात शब्दकोशाचा डेटाबेस, तिसऱ्यात संकेतस्थळ. फ्रीबीएसडी प्रणालीने २००० साली दिलेली ‘जेल’ ही सोय व लिनक्सवरील कंटेनर यांचा हेतू हाच. परंतु एका परिसरातून दुसऱ्यातील फाईल दिसत नाही, एवढ्यावरून त्यांची साठवण स्वतंत्र आहे असे सिद्ध होत नाही. वाड्यात बिऱ्हाडे चार, पण धान्याचे पेव एकच, अशी ही स्थिती असू शकते.

आता हिशेब पाहू. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘क्षि’ हे अक्षर क, हलन्तचिन्ह, ष व वेलांटी अशा ४ चिन्हांचे, म्हणजे १२ बाइटांचे झाले. याउलट, सेकंदाला ४८,००० नमुने व प्रत्येक नमुना १६ बिटांचा धरल्यास एका तासाच्या एकमार्गी, असंकुचित ध्वनिमुद्रणास ३४ कोटी ५६ लाख बाइट लागतात. अशा मुद्रणांनी सामाईक डिस्क भरली, की कोशात एका शब्दाचीही भर घालता येत नाही. जागा एकाने व्यापली, काम सर्वांचे अडले.

यावर सरळ उपाय म्हणजे डिस्कचे पार्टिशन करून प्रत्येक परिसरास त्याचा भाग जोडून देणे. मग जो भाग भरेल, त्याचेच लेखन थांबेल. मात्र पक्क्या भिंतींचा एक तोटा असतो : एक भाग रिता राहतो आणि दुसरा तुडुंब होतो. यासाठी लिनक्सवरील एलव्हीएम योजनेत विभाग पुढे वाढविता येतात. झेडएफएसमध्ये तर एकाच साठ्यातून प्रत्येकास कमाल मर्यादा व राखीव जागा, दोन्ही ठरवून देता येतात. कोशासाठी जागा राखावी आणि ध्वनिमुद्रणांवर मर्यादा घालावी, हे उचित.

तथापि विभाजन म्हणजे संरक्षण नव्हे. डिस्क निकामी झाली, तर तिचे सारे विभाग एकदमच जातात. म्हणून मूळ मुद्रणाची दुसरी प्रत अन्य यंत्रावर, शक्यतो अन्य ठिकाणी, ठेविली पाहिजे.