घरातील अज्ञात दुर्गंध : धूपनापूर्वी उगमाचा शोध

‘घरात कसला तरी घाण वास येतो, पण कुठून येतो ते सापडत नाही’ ही तक्रार घेऊन गृहस्थ सहसा प्रथम वैद्याकडे येत नाही. तो औषधी दुकानात येतो आणि धूप मागतो. गुग्गुळ, राळ, निंबपत्र, वेखंड यांचे धूपन आपल्या शास्त्राला मान्य आहे. ते दुकानात सिद्ध असते आणि ते घेऊन ग्राहक संतुष्ट होऊन जातो. परंतु हेतूचा विचार न करता लक्षणावर पांघरूण घालणे ज्वरात जितके अनुचित, तितकेच ते येथेही अनुचित आहे. हिंगोली जिल्ह्यासारख्या, घरोघर सोयाबीन, तूर, हरभरा साठविणाऱ्या प्रदेशात तर अशी घाई क्वचित प्राणावरही बेतू शकते. म्हणून हा विषय येथे विस्ताराने मांडीत आहे.

आपल्या आचार्यांनी वासाकडे दुर्लक्ष केलेले नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात विकृत वायूची लक्षणे सांगताना असात्म्य गंधाचा स्पष्ट उल्लेख केला आहे. सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात विषाने दूषित झालेला धूर व वारा यांचे वर्णन करताना पक्षी थकून भूमीवर पडतात, तसेच माणसांना कास, प्रतिश्याय, शिरःशूल व नेत्रविकार होतात, असे नोंदविले आहे. एकाच हवेत राहणारे अनेक जीव एकाच वेळी आजारी पडले तर दोष हवेत शोधावा, हे सूत्र त्यातून मिळते. पुढील विवेचनात त्याचा उपयोग होणार आहे.

शोधाचा आरंभ तक्रार सांगणाऱ्याच्या भाषेपासून करावा. आपल्या मराठीत वासांसाठी शब्दांचे मोठे वैभव आहे आणि सामान्य गृहिणी ते अचूक वापरते. ‘कुबट’ म्हणजे ओल व बुरशी; ‘खवट’ म्हणजे बिघडलेले तेल अथवा तूप; ‘आंबूस’ म्हणजे किण्वन; ‘करपट’ म्हणजे काहीतरी तापते आहे; ‘कुजकट’ म्हणजे मेलेला जीव किंवा सांडपाणी. ‘घाण वास’ एवढ्यावर न थांबता यांपैकी कोणता, असे विचारल्यास निम्मे निदान होते. त्यानंतर काल विचारावा. वास पहाटे बंद घरात अधिक येतो, की स्नानगृह वापरल्यावर, की वीज परत आल्यावर? तिसरा प्रश्न असा की, तो वास घरातील सर्वांना येतो की एकालाच?

नाकाचा एक स्वभावधर्म येथे ध्यानात घ्यावा. तोच वास सतत येत राहिला तर काही मिनिटांतच त्याची जाणीव मंदावते. म्हणून घरातच फिरत राहून हुंगण्यात अर्थ नाही. पंधरा मिनिटे मोकळ्या हवेत जाऊन परत यावे, किंवा शेजाऱ्यास बोलवावे. एकेक खोली तासभर बंद ठेवून उघडताक्षणी वास घ्यावा. न्हाणीच्या जाळीवर रात्री प्लॅस्टिकचा कागद कडेने चिकटवावा. सकाळी तो उचलताच वास आला तर उगम तेथेच आहे, असे समजावे.

बहुसंख्य प्रसंगी उगम तेथेच निघतो. न्हाणीखालच्या ट्रॅपमध्ये थोडे पाणी साचून राहते आणि तेच गटारातील वायूला अडवते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात न वापरलेल्या न्हाणीतील हे पाणी आटते आणि सडक्या अंड्यासारखा वास घरात शिरतो. बादलीभर पाणी ओतले की तक्रार मिटते. वर चमचाभर खाद्यतेल सोडल्यास पाणी सावकाश आटते. मात्र हाच हायड्रोजन सल्फाइड वायू शौचकूपाच्या टाकीत दाट साचतो आणि तीव्र प्रमाणात घ्राणशक्तीच बधिर करतो. टाकी उघडल्यावर ‘वास गेला’ म्हणून कोणी आत उतरू नये.

सडक्या अंड्याचा वास भारनियमनानंतर वीज आल्यावर येत असेल तर इन्व्हर्टरची बॅटरी पाहावी. ती अतिरिक्त चार्ज होऊन तापली की तोच वायू सोडते. मासळीसारखा करपट वास भिंतीजवळ येत असेल तर तापलेले प्लग, स्विच व वायरिंग तपासावे, आणि मुख्य स्विच बंद करून वायरमन बोलवावा. मेलेल्या उंदराचा वास सर्वांच्या परिचयाचा आहे. तो मरणानंतर दोन-तीन दिवसांनी वाढतो व माश्या त्याची जागा दाखवितात.

स्वयंपाकाचा वायू स्वतः गंधहीन असतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे उग्र द्रव्य मिसळलेले असते. सिलिंडर संपत आला की हे द्रव्य तळाशी अधिक उरते, त्यामुळे तेव्हा वास वाढतो. परंतु ते गृहीत धरून निर्धास्त राहू नये. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरतो. विजेचे बटण चालू वा बंद करू नये, रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्या आणि 1906 या क्रमांकावर कळवावे. 19 सप्टेंबर 2019 रोजी रात्री मुंबईच्या अनेक उपनगरांत वायूचा वास येऊन घबराट पसरली. अग्निशमन दलाच्या गाड्या धावल्या, वायुवाहिन्या तपासल्या गेल्या, पण वाहिनीत गळती आढळली नाही. मोठ्या यंत्रणेलाही नुसत्या वासावरून उगम सांगता येत नाही, मग घरातल्या घरात अंदाजाने उदबत्ती वा धूप पेटविण्याचे धाडस का करावे?

वास एकालाच येत असेल तर शोध घरात करू नये, त्याच्या नाकात करावा. पूतिनस्य व अपीनस आपल्या परिचयाचे आहेत. कोविडनंतर विकृत गंधज्ञानाचे रुग्णही अनेकांनी पाहिले आहेत. याच्या उलटही घडते. लहान मूल जवळ आले की घरच्यांना दुर्गंध येतो, मुलाला मात्र त्याचे काहीच नसते. एकाच नाकपुडीतून दुर्गंधी स्राव येत असेल तर हरभरा, चिंचोका किंवा खेळण्याचा तुकडा आत अडकला असल्याची शंका घ्यावी. त्यातही बटणासारखी चपटी बॅटरी असेल तर काही तासांतच आतील भाग जळतो; नस्य देण्यात वेळ न घालविता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे.

आता मुख्य विषय. सोयाबीन, तूर, हरभऱ्याची पोती भाव वाढेपर्यंत राहत्या घरातच, पुष्कळदा निजण्याच्या खोलीत, रचलेली असतात. किडीसाठी त्यांत ‘गोळी’ ठेवली जाते. ही गोळी म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. सेल्फॉस या व्यापारी नावाने ती सर्वांना ठाऊक आहे. नियमानुसार तिचा वापर शासकीय यंत्रणेने किंवा मान्यताप्राप्त कीडनियंत्रकांनीच करावयाचा आहे, तरी ती गावोगाव पोहोचते. हवेतील ओलाव्याशी संयोग होऊन ती फॉस्फीन वायू सोडते. 3 ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे 1 ग्रॅम वायू निघतो. दहा फूट लांब, रुंद व उंच अशा बंद खोलीत हा सर्व वायू राहिला असे धरले, तर त्याचे प्रमाण हवेच्या दहा लक्ष भागांत सुमारे 25 भाग होते. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी मान्य मर्यादा 0.3 भाग आहे आणि 50 भाग तत्काळ प्राणघातक धोक्याचे मानले जातात. म्हणजे दोन गोळ्या पुरेशा आहेत. पोत्यांत मात्र त्याहून अधिक गोळ्या टाकल्या जातात.

फॉस्फीनचा वास लसणीसारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वर्णिला जातो. शुद्ध फॉस्फीनला वास नसतो. तो वास त्यातील अशुद्धींचा असतो आणि धान्यात तो शोषलाही जातो. म्हणून वास आला तर धोका आहेच, आणि वास न आला म्हणजे धोका नाही असे म्हणता येत नाही. हळद काढणीच्या हंगामात घर हळदीच्या दर्पाने भरलेले असताना तो अधिकच लपतो.

अशा घरात दुर्गंध आल्यावर गृहिणी स्वाभाविकपणे दोन गोष्टी करते. ती धूप घालते आणि जमीन पाण्याने धुते. धुपाने एकमेव इशारा झाकला जातो, आणि फॉस्फीन साचले असल्यास ते पेटूही शकते. पाण्याने गोळीतून वायू झपाट्याने सुटतो. पावसाळ्यात दारे-खिडक्या मिटलेल्या असतात, हे तिसरे संकट. अशा दुर्घटनांच्या बातम्या वृत्तपत्रांत अधूनमधून येतात आणि आरंभी बहुधा अन्नविषबाधेचा संशय घेतलेला असतो.

येथे वैद्याचे कर्तव्य सुरू होते. एका घरातील दोघे-तिघे वांती, उदरशूल, चक्कर, छातीत जडपणा व श्वासकष्ट घेऊन एकाच सकाळी आले, तर रात्री काय खाल्ले याबरोबरच कोठे निजला होता आणि खोलीत धान्य होते का, हेही विचारावे. मांजर वा कोंबड्या मेल्या का, हेही विचारावे. सुश्रुतांचे पक्षी ते हेच. जो पोत्यांजवळ निजला तो अधिक आजारी असेल तर संशय दृढ होतो. बालके सर्वांत आधी कोसळतात. या विषाला विशिष्ट प्रतिविष नाही. अवसाद हृदयाला होतो आणि रुग्ण बोलता-बोलता कोसळू शकतो. छर्दिघ्न कल्प देऊन घरी पाठविणे घातक ठरेल. सर्वांना तत्काळ मोकळ्या हवेत आणावे, 108 ची रुग्णवाहिका बोलवावी आणि जिल्हा रुग्णालयात, आवश्यक तर नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, ‘फॉस्फीनचा संशय’ असे चिठ्ठीवर स्पष्ट लिहून पाठवावे. ज्याला त्रास जाणवत नाही त्यालाही निरीक्षणाखाली ठेवावे.

घरात पुन्हा शिरून पोती उपसण्याचे काम कुटुंबीयांनी करू नये. दारे-खिडक्या बाहेरून उघडता येतील तेवढ्या उघडाव्या व तज्ज्ञास बोलवावे. पोत्यात कापडाच्या पुरचुंडीत राखाडी-पांढरी भुकटी उरलेली आढळते. तिच्यात अवशिष्ट विष असू शकते. ती मोरीत टाकू नये, तिच्यावर पाणी घालू नये. उंदरांसाठी आणलेल्या झिंक फॉस्फाइडलाही हाच न्याय लागू होतो. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यानंतर फवारणीच्या वेळच्या दक्षतेविषयी पुष्कळ बोलले गेले. माजघरात ठेवलेल्या फवारणी पंपाविषयी आणि उरलेल्या औषधाच्या डब्याविषयी तितके बोलले गेले नाही. लसणीसारखा वास त्यांचाही असू शकतो.

औषधनिर्माते व दुकानदार यांनी स्वतःचे कोठारही याच दृष्टीने पाहावे. कच्च्या वनस्पतींना कीड लागते आणि तेथेही गोळीचा मोह होतो. वर राहते घर, खाली कोठार अशी रचना आपल्याकडे सर्रास आढळते. फॉस्फीन फटींतून, जिन्यातून व सामाईक भिंतीतून शेजारच्या घरात जातो. राहत्या वास्तूच्या कोठारात ही गोळी वापरूच नये. कडक उन्हात सुकविणे, हवाबंद पिंपे आणि थोडा-थोडा साठा यांवर भर द्यावा. कोठारात हिंग, लसूण, जटामांसी यांचे दर्प असल्याने बिघाडाचा वास ओळखणे कठीण होते, म्हणून उग्र गंधाची द्रव्ये वेगळ्या खोलीत ठेवावी. आणि धूप मागावयास आलेल्या ग्राहकास पुडी देण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : घरात धान्य भरले आहे का, आणि त्यात काय टाकले आहे?