पलंगाखालचं इंजिन

फोक्सवॅगनच्या जुन्या कॅम्परमध्ये झोपणाऱ्याच्या खाली इंजिन असतं. मागची गादी गुंडाळायची, झाकण उघडायचं, की ते दिसतं. अशा गाडीत दुसरं कुठलं इंजिन बसेल आणि कुठलं बसणार नाही, हे या एका रचनेनेच निम्मं ठरून जातं. उंच इंजिन घातलं तर पलंग उचलावा लागतो, आणि झोपायला म्हणून घेतलेल्या गाडीचा पलंग बिघडवण्यात काही शहाणपण नाही.

आमची गाडी १९८७ सालची व्हॅनागॉन. युरोपात या पिढीला टी-३ म्हणतात. जर्मनीच्या वेस्टफालिया कंपनीने आतून सजवलेली: गॅसची शेगडी, हात धुण्यापुरतं सिंक, छोटा फ्रीज आणि वर उघडणारं छत. आम्ही कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला राहतो. इथून पूर्वेला ताहो सरोवराकडे निघालं की हमरस्ता समुद्रसपाटीजवळून चढायला लागतो तो डॉनर खिंडीपाशी सात हजार दोनशे फुटांवर जातो. म्हणजे कळसूबाईच्याही बऱ्याच वर. त्या चढावर आमची गाडी ट्रकांच्या रांगेत, दिवे लुकलुकवत, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चालायची. मूळ इंजिन २.१ लिटरचं, ९५ अश्वशक्तीचं. एवढ्यावर एक आख्खी खोली डोंगरावर चढवायची.

कमी ताकद आम्ही सोसली असती. या इंजिनाचं खरं दुखणं पाण्याचं. फोक्सवॅगनची ही इंजिनं पिढ्यान् पिढ्या हवेवर थंड होत आली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने तीच आडवी रचना ठेवून भोवती पाणी खेळवलं. हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये पाणी अडवायला रबरी सील आहे. कुणी चुकीचं कूलंट भरलं किंवा वर्षानुवर्षं बदललंच नाही, की सील जिथे टेकते तिथलं ॲल्युमिनियम खड्डे पडून झिजतं आणि गाडी हिरवं पाणी गाळू लागते. हेड काढून, नवी सील घालून दुरुस्ती होते. पण त्या पैशात दुसऱ्या गाडीचं चांगलं चालतं इंजिन मिळत असेल, तर माणूस विचार करतोच.

माझ्या वडिलांचं, आण्णांचं, कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात वर्कशॉप होतं. ऐंशीच्या दशकात लोक पेट्रोलच्या जीपला डिझेलचं इंजिन बसवून घ्यायचे, कारण डिझेल स्वस्त होतं. अशी बरीच कामं आण्णांच्या लेथवरून गेलेली. त्यामुळे फोनवर मी बेत सांगितला तेव्हा ते अजिबात हुरळले नाहीत. म्हणाले, “इंजिन काय, बसतंय की. पाणी कसं फिरवणार त्ये सांग.”

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, नोकरी पंपांच्या कारखान्यात, आणि तरी त्या प्रश्नाचं पुरतं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

इंजिन कुठलं घ्यायचं, यावर मात्र फार डोकं लढवावं लागत नाही. जपानी सुबारू कंपनीची इंजिनंही आडवी, चार सिलिंडरची. दोन सिलिंडर डावीकडे, दोन उजवीकडे, उंची कमी. झाकणाखाली ती बसतात आणि पलंग जागच्या जागी राहतो. उभी चार सिलिंडरची इंजिनंही बसतात, पण ती कलती करावी लागतात. खुद्द फोक्सवॅगनने याच गाडीत डिझेल इंजिन घातलं तेव्हा ते ५० अंशांत तिरकं झोपवलं होतं. सुबारूची आणखी एक सोय म्हणजे फिरण्याची दिशा. क्रँक फोक्सवॅगनसारखीच फिरते, म्हणून गाडीचा मूळ गिअरबॉक्स कायम ठेवता येतो. होंडाची काही जुनी इंजिनं उलटी फिरतात. ती तशीच जोडली तर मागे जायला चार गिअर आणि पुढे जायला एक, अशी गंमत होईल.

आम्ही नव्वदच्या दशकातल्या एका सुबारू लेगसीचं २.२ लिटरचं इंजिन घेतलं. भंगारात निघालेली गाडी, मागून ठोकलेली, म्हणून पुढचं इंजिन शाबूत. या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. तो तुटला तरी १९९६ पर्यंतच्या या इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळत नाहीत. टोइंग करून घरी यायचं, नवा बेल्ट घालायचा. कंपनीचं त्यानंतरचं २.५ लिटरचं इंजिन जास्त ताकदीचं खरं, पण त्याच्या सुरुवातीच्या काळातल्या हेड गॅस्केटची ख्याती चांगली नाही. गळक्या इंजिनाला कंटाळून पुन्हा गळकंच आणण्यात काय अर्थ!

जोडणीचं काम लेथवाल्यांना आवडेल असं आहे. सुबारूच्या ब्लॉकवरची बोल्टांची भोकं आणि फोक्सवॅगनच्या गिअरबॉक्सवरची भोकं जुळत नाहीत. मध्ये ॲल्युमिनियमची जाड ॲडॉप्टर प्लेट येते, एका बाजूला सुबारूची भोकं, दुसऱ्या बाजूला फोक्सवॅगनची. फ्लायव्हीलही वेगळं लागतं. ही प्लेट तयार मिळते. तरी आण्णांच्या धाकात वाढलेली असल्यामुळे मी डायल गेज लावून पाहिलंच. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत नसेल, तर आज काही कळत नाही, पुढे क्लच आणि बेअरिंग खलास होतात. इंजिनाखालचं ऑइलचं चेंबरही बदलावं लागतं, कारण सुबारूचं चेंबर खाली लोंबतं आणि कॅम्परला मातीच्या रस्त्यावर जायचं असतं. बुटकं चेंबर घातलं की आतली ऑइल ओढणारी नळीही तेवढीच कापून घ्यायची.

आता पाणी. या व्हॅनमध्ये इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे, नंबरप्लेटच्या मागे. मधलं अंतर दोन लांब पाइप फरशीखालून कापतात. सगळं मिळून सोळाएक लिटर पाणी लागतं. सुबारूच्या मूळ गाडीत रेडिएटर इंजिनासमोर हातभर अंतरावर असतो. त्यामुळे तिथे जे आपोआप होतं, ते इथे घडवून आणावं लागतं.

मेख थर्मोस्टॅटमध्ये आहे. इंजिन गार असताना पाण्याने रेडिएटरकडे जाऊ नये, गरम झालं की जावं, हे ठरवणारी ती छोटी झडप. तिच्यातलं मेण तापून फुगतं आणि ती उघडते. बऱ्याच गाड्यांत ही झडप इंजिनातून गरम पाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी असते. सुबारूत ती पंपाच्या तोंडाशी, म्हणजे रेडिएटरचं थंड पाणी परत येतं तिथे आहे. मग तिला गरम पाणी लागणार कसं? गाडीच्या आतल्या हीटरमधून फिरून आलेलं गरम पाणी तिच्या आतल्या अंगाला लागतं, म्हणून. सुबारूत ही वाट सतत उघडी असते.

व्हॅनागॉनमध्ये हीटर पार पुढे, आणि त्याला कॉक आहे. उन्हाळ्यात चालक तो बंद करणार. पाइप सरळ जोडून दिले आणि कॉक बंद केला, की थर्मोस्टॅटपर्यंत गरम पाणी पोचतच नाही. इंजिन आत उकळतंय आणि झडप गारठून बंद. म्हणून हीटरवर अवलंबून नसलेली, कायम उघडी राहील अशी छोटी बायपास नळी इंजिनापाशीच द्यायची. वीस रुपयांच्या पाइपचं काम, पण त्यावाचून नवं इंजिन जळू शकतं. हे आण्णांना समजावून सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “मग आता हवा काढ.”

हवा काढणं हा स्वतंत्र सोहळा. लांब पाइपांत हवेचा फुगा अडकला की पाणी फिरत नाही. गाडीचं नाक जॅकवर उंच करायचं, रेडिएटरच्या माथ्यावरचा स्क्रू ढिला करायचा, एकाने इंजिन थोडं रेझ करून धरायचं, दुसऱ्याने मागच्या टाकीत पाणी ओतत राहायचं. स्क्रूतून फुरफुर थांबून सलग धार आली की आवळायचा. आमच्याकडे रेझ करायचं काम नवऱ्याकडे होतं. तो बँकेत आहे. सूचना बिनचूक पाळतो.

वायरिंग मोठ्या कंटाळ्याचं आणि सोपं. अपघाती गाडीतली सगळी वायरिंग उचलून आणायची, जेवणाच्या टेबलावर पसरायची आणि दिवे, वायपर, खिडक्या यांच्या वायरी एकेक करून काढून टाकायच्या. उरतो इंजिनाचा कॉम्प्युटर, सेन्सर, इंजेक्टर आणि रिले. त्या कॉम्प्युटरला गाडी किती वेगाने चालली आहे हेही कळावं लागतं. नाही कळलं तर तो डॅशबोर्डवर दिवा लावून बसतो आणि उतारावर गाडी सोडली की इंजिन बंदही पडू शकतं. त्यासाठी स्पीडोमीटरच्या केबलवर वेगाचा सेन्सर बसवला.

कॅलिफोर्नियाचा कायदा इंजिन बदलू देतो, पण अटी घालतो. नवं इंजिन गाडीच्या सालाचं किंवा त्यानंतरचं हवं, आणि त्याच्यासोबत आलेली धूर कमी करणारी सगळी यंत्रणा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसकट, जागेवर हवी. नेहमीच्या धूर-तपासणी केंद्रात हे भागत नाही. सरकारने नेमलेल्या रेफरीकडे जावं लागतं, आणि हे रेफरी बऱ्याचदा कम्युनिटी कॉलेजच्या आवारात बसतात. आमच्याकडच्या रेफरीने टॉर्च घेऊन नळी न् नळी पाहिली आणि दाराच्या चौकटीत स्टिकर लावलं. मला ही पद्धत फार पटली. जुनी गाडी नव्या इंजिनाने कमी धूर सोडत असेल, तर तिला अडवायचं कशाला?

ताकद आता एकशे तीसच्या आसपास. डॉनरचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये, कधी चौथ्यातही होतो. स्पोर्ट्स कार झाली असा कुणाचा समज नको; आकार खोक्याचा, वारा तसाच आडवा येतो, आणि गिअरबॉक्स कमी ताकदीसाठी बनवलेला असल्यामुळे पाय आवरता ठेवावा लागतो.

मूळ इंजिनाचे कैवारी नाक मुरडतात. त्यांना मी ब्राझीलची गोष्ट सांगते. तिथे याच्याही आधीच्या पिढीची व्हॅन, कोम्बी, २०१३ पर्यंत बनत होती. २००५च्या अखेरीस कंपनीनेच तिचं हवेवर थंड होणारं इंजिन काढून १.४ लिटरचं, पाण्यावर थंड होणारं, पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हींवर चालणारं इंजिन बसवलं आणि पुढच्या सपाट चेहऱ्यावर रेडिएटरची काळी जाळी आली. दक्षिण आफ्रिकेत आमच्याच पिढीच्या गाडीला ऑडीच्या जातकुळीचं पाच सिलिंडरचं इंजिन मिळालं, ते २००२ पर्यंत. कारखान्याने केलं की सुधारणा आणि गॅरेजने केलं की विटंबना, हा न्याय मला उमगत नाही.

भारतातून विचारणारे खूप असतात. गोव्यात आपल्या मामाच्या शेडमध्ये अशी एक व्हॅन उभी आहे, असं सांगणारेही भेटले, आणि ते अशक्य नाही. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातून जमिनीवरून अशा कितीतरी गाड्या हणजुण्यापर्यंत आल्या. त्यांना मी आधी कायदा वाचायला सांगते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाहून गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. इंधन किंवा ऊर्जास्रोत बदलणाऱ्या मान्यताप्राप्त किटला मुभा आहे, म्हणजे विजेची वाट खुली. २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरमालिका आली, पण ती मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी. सुबारू बसवलीत की ती पाटी विसरायची.

विजेचं म्हणाल तर फोक्सवॅगनने २०२० मध्ये १९६६ सालच्या एका व्हॅनमध्ये ४५ किलोवॅट-तासांची बॅटरी आणि ८३ अश्वशक्तीची मोटर घालून दाखवली. मूळ इंजिन ४४ अश्वशक्तीचं. एका चार्जवर दोनशे किलोमीटरहून थोडं जास्त. शहरात मिरवायला आणि कोकणात एका मुक्कामाला झकास. तिच्यात उकळणारं इंजिन नाही, म्हणून आण्णांना ती कल्पना एकदम पसंत पडली. आता ते मला मोटरला गिअरबॉक्स कसा जोडणार, हे विचारत असतात.