बाहेरच्या सूचना, कारखान्याच्या फलकावर

बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना चालवायचा म्हणजे यंत्रांइतकेच कागदांवरही लक्ष ठेवावे लागते. वीजदराचे आदेश मुंबईतील महाराष्ट्र वीज नियामक आयोग काढतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाची परिपत्रकेही मुंबईहूनच येतात, आयात-निर्यातीच्या अधिसूचना दिल्लीहून. कोळशाच्या ई-लिलावाची माहिती नागपूरच्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या संकेतस्थळावर, तर उष्णतेच्या लाटेचा इशारा नागपूरच्याच प्रादेशिक हवामान केंद्राकडून. ही सारी स्थळे रोज सकाळी उघडून पाहणारा एखादा कर्मचारी असतो. तो रजेवर गेला आणि जाहीर सूचनेवर हरकत नोंदविण्याची मुदत त्याच आठवड्यात संपली, तर नंतर कोणाला बोल लावायचा?

या कामासाठी ‘क्रॉलर’ नावाची संगणकप्रणाली वापरता येते. शोधयंत्रे जगभरची पाने ज्या रीतीने धुंडाळतात, त्याच रीतीने हा क्रॉलर ठरवून दिलेल्या मोजक्या स्थळांना भेट देतो आणि सापडलेल्या मजकुराची नोंद कंपनीच्या अंतर्गत पोर्टलवर करतो. कल्पना नवी नाही. 1996 साली स्थापन झालेल्या प्लमट्री या अमेरिकी कंपनीचे पोर्टल अशा क्रॉलरसाठी ओळखले जाई. मायक्रोसॉफ्टचा ‘शेअरपॉइंट पोर्टल सर्व्हर’ 2001 मध्ये आला. ‘अपाची नच’सारखी मुक्त स्रोत प्रणाली तर विनामूल्य मिळते.

क्रॉलरला प्रथम आरंभीचा पत्ता द्यावा लागतो, आणि तिथून किती पायऱ्या आत शिरायचे याची मर्यादा. नवखे लोक नेमके इथेच चुकतात. मुखपृष्ठाचा पत्ता देऊन मर्यादा मोकळी सोडली, की क्रॉलर छायाचित्रांच्या दालनापासून जुन्या निविदांपर्यंत सारे गोळा करून आणतो. एखाद्या स्थळावर दिनदर्शिका असेल, तर ‘पुढील महिना’ या दुव्यावरून तो पुढच्या शतकातही जाऊन पोहोचतो. म्हणून आयोगाच्या ‘आदेश’ या एका पानापासून आरंभ करावा, एक-दोन पायऱ्यांवर थांबावे, आणि आलेली नोंद थेट विद्युत विभागाच्या कप्प्यात पडेल असा नियम लावावा. सर्वांना सर्व काही दाखविणारे पोर्टल थोड्याच दिवसांत कोणी उघडेनासे होते.

दुसऱ्याच्या दारी जाताना काही शिष्टाचारही आहेत. कोणत्या भागात यंत्रांनी येऊ नये, हे संकेतस्थळाचा मालक ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ नावाच्या छोट्या फायलीत लिहून ठेवतो. मार्टाइन कोस्टर यांनी 1994 मध्ये सुचविलेला हा संकेत 2022 साली अधिकृत इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजांत समाविष्ट झाला. त्याला कायद्याचे बळ नाही. पण मालकाच्या परवानगीविना संगणकातील माहिती उतरवून घेणे हा विषय माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 43 मध्ये येतो, हे विसरता कामा नये. वृत्तसंस्थांचा लेख जसाच्या तसा पोर्टलवर साठविण्याऐवजी शीर्षक, तारीख आणि मूळ दुवा एवढेच ठेवणे शहाणपणाचे. भेटींमध्ये काही सेकंदांचे अंतर ठेवावे आणि ‘मागील भेटीनंतर बदल झाला आहे का?’ असे आधी विचारावे. बदल नसेल तर समोरचा सर्व्हर 304 हा क्रमांक परत पाठवितो, आणि पान पुन्हा उतरवून घ्यावे लागत नाही.

खरी कसोटी मात्र मराठी मजकुराची. जुन्या काळी अनेक मराठी संकेतस्थळे विशिष्ट फाँटवर चालत. पडद्यावर स्वच्छ मराठी दिसे. आत मात्र रोमन अक्षरांची निरर्थक रांग साठविलेली असे. क्रॉलरला पडदा दिसत नाही, रांगच दिसते. युनिकोडने हा प्रश्न बराच सोडविला, पण सगळा नव्हे. ‘कर्मचाऱ्यांना’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो: काही जण ऱ हे वेगळे अक्षर वापरतात, तर काही जण साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवतात. वाचकाला फरक जाणवत नाही. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन निराळे शब्द. ‘ॲसिड’मधल्या ॲ चीही तीच कथा. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आले. त्यापूर्वीच्या मजकुरात ते अ आणि चंद्र जोडून लिहिलेले आढळते. परिणामी परिपत्रक पोर्टलवर असूनही शोधात सापडत नाही, आणि नसल्यासारखेच ठरते. यावर उपाय सोपा आहे: नोंद साठविताना अशी सर्व रूपे एकाच रूपात आणावीत, देवनागरी आणि रोमन आकडेही. शोधणाऱ्याने टंकलिहिलेल्या शब्दावरही तोच संस्कार करावा. हे काम बहुधा शेवटच्या दिवसावर ढकलले जाते, वास्तविक ते पहिल्या दिवशीच व्हायला हवे.

सही-शिक्क्यानिशी छायाचित्रासारखे स्कॅन केलेले आदेश ही वेगळीच डोकेदुखी. त्यांत क्रॉलरला वाचण्याजोगे अक्षरच नसते. अक्षरओळख प्रणाली वापरता येते. मात्र तिने 3 चा 8 वाचला, तर वीजदराच्या तक्त्यात तो घोळ महागात पडतो. अशा नोंदीत केवळ विषय आणि दुवा द्यावा, आकडे मूळ प्रतीतच पाहावेत.

उरतो प्रश्न जुन्या नोंदींचा. मूळ पान नाहीसे झाले, तर क्रॉलर पुढल्या फेरीत दुवा काढून टाकू शकतो. पण नव्या आदेशाने निष्प्रभ झालेला जुना वीजदर आदेश आयोगाच्या स्थळावर तसाच असतो, दुवाही चालू असतो. क्रॉलरच्या दृष्टीने तो जिवंत. हिशेब विभागातील एखादा नवखा कर्मचारी त्यावरूनच पुढील महिन्याचा वीजखर्च मांडून मोकळा होतो. म्हणून प्रत्येक नोंदीवर ती शेवटची कधी तपासली ती तारीख दिसावी, आणि बाद झालेला आदेश संग्रहात हलविण्याचे काम विद्युत विभागातील जाणत्या माणसाकडेच राहावे.