गवंड्याचा हुन्नर

विटा भट्टीत भाजतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. भट्टीत कोळसा किंवा लाकूड जळते. त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू हवेत मिसळतो आणि पृथ्वीचे तापमान वाढते. मग कमी विटांत पक्के घर बांधता येईल का?

होय. केरळात वास्तुशिल्पज्ञ लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी अशी एक पद्धत रुजवली. तिचे नाव 'रॅट-ट्रॅप बाँड'. यात विटा सपाट न ठेवता कडेवर उभ्या रचतात. त्यामुळे भिंतीच्या आत पोकळी राहते आणि सुमारे २५ टक्के विटा वाचतात. पोकळीतील हवेमुळे उन्हाची उष्णताही घरात लवकर शिरत नाही.

मात्र हे काम कुशल हातांचे आहे. सिमेंट-वाळूचा माल पोकळीत सांडला, तर तो वाया जातो. कोपरे आणि दारे-खिडक्यांच्या कडा भरीव ठेवाव्या लागतात. म्हणून बेकर स्वतः बांधकामावर जाऊन गवंड्यांना शिकवत. १९८५ मध्ये त्रिशूर येथे स्थापन झालेल्या 'कॉस्टफोर्ड' या संस्थेनेही अनेक गवंड्यांना असे शिक्षण दिले.

मित्रांनो, नकाशा कितीही चांगला असला, तरी घर उभे करतो तो गवंडीच. त्याला नवा हुन्नर शिकवला, तरच हवा स्वच्छ राखणारी घरे उभी राहतील.