लिटल ब्रदर

कॅनडात जन्मलेला इंग्रजी लेखक कोरी डॉक्टरो (१९७१– ) ह्याची कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली कादंबरी. टॉर बुक्स ह्या प्रकाशनसंस्थेने ती २००८ मध्ये प्रसिद्ध केली. जॉर्ज ऑर्वेलच्या नाइन्टीन एटी-फोर (१९४९) ह्या कादंबरीतील ‘बिग ब्रदर’ ह्या सर्वसाक्षी सत्ताधीशाच्या नावावरून तिचे शीर्षक घेतलेले आहे. ऑर्वेलच्या सृष्टीत यंत्रे केवळ राज्यसत्तेच्या हाती असतात. येथे ती शाळकरी मुलांच्याही हाती आहेत, हा दोहोंतील मुख्य भेद होय.

अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर ‘पॅट्रिअट अ‍ॅक्ट’ संमत झाला आणि २००२ च्या कायद्याने अंतर्गत सुरक्षेचे स्वतंत्र खाते निर्माण करण्यात आले. त्यातून सुरक्षितता आणि नागरी स्वातंत्र्य ह्यांविषयी उद्‌भवलेला वाद ही ह्या कादंबरीची पार्श्वभूमी आहे.

कथानक नजीकच्या भविष्यकाळातील सॅन फ्रॅन्सिस्को शहरात घडते. मार्कस यालो हा सतरा वर्षांचा संगणकनिपुण विद्यार्थी कथेचा निवेदक आहे. शहरातील बे पुलावर घातपाती हल्ला होतो, त्या वेळी तो आणि त्याचे तीन मित्र शाळा चुकवून रस्त्यावर आलेले असतात. अंतर्गत सुरक्षा खात्याचे लोक त्यांना संशयावरून गुप्त तुरुंगात डांबतात. काही दिवसांनी मार्कसची सुटका होते. परंतु जखमी झालेला त्याचा जिवलग मित्र डॅरिल परत येत नाही. दरम्यान शहरभर कडक पाळत सुरू झालेली असते : प्रवासाच्या पासांवरून नागरिकांच्या हालचाली टिपल्या जातात आणि नेहमीपेक्षा वेगळे वागणारा प्रत्येक जण संशयित ठरतो. मार्कस खेळासाठी असलेल्या एक्सबॉक्स यंत्रांच्या साहाय्याने ‘एक्सनेट’ नावाचे गुप्त संदेशजाल उभारतो आणि समवयस्कांना प्रतिकारासाठी संघटित करतो. त्याचा पिता मात्र प्रारंभी ह्या पाळतीचे समर्थन करतो. हा संघर्ष घरातही शिरतो, हे कादंबरीचे एक लक्षणीय अंग आहे. अखेर एका शोधपत्रकार स्त्रीच्या लेखामुळे तुरुंगाचे सत्य उघडकीस येते व डॅरिल जिवंत सापडतो. तथापि छळास जबाबदार असलेल्या अधिकारी स्त्रीला शिक्षा होत नाही.

सरसकट पाळतीने सुरक्षितता वाढत नाही, हे कादंबरीचे मुख्य प्रतिपादन असून त्यासाठी लेखकाने गणिताचा आधार घेतला आहे. २ कोटी वस्तीच्या शहरात केवळ १० दहशतवादी आहेत व त्यांना हुडकणारी चाचणी शेकडा ९९ वेळा अचूक ठरते, असे मानले, तरी उरलेल्या शेकडा एक चुकीमुळे सु. २ लाख निरपराध माणसे संशयित ठरतात. शोधावयाची गोष्ट जितकी विरळ, तितकी चाचणी अधिक अचूक असावी लागते. मार्कसचे साथीदार निरनिराळ्या लोकांच्या पासांवरील माहितीची अदलाबदल करून हीच उणीव उघडी पाडतात. कूटलेखनातील सार्वजनिक व खाजगी किल्ल्यांची पद्धती, तसेच परस्परांची ओळख समक्ष पटवून विश्वासाचे जाळे विणण्याची रीत ह्यांचेही सुबोध विवरण कथेच्या ओघात येते. कादंबरीच्या शेवटी सुरक्षातज्ञ ब्रूस श्नायर आणि अभियंता अँड्र्यू हुआंग ह्यांची टिपणे जोडलेली आहेत.

अशा विवरणांमुळे कथेची गती काही ठिकाणी मंदावते, तसेच सरकारी अधिकाऱ्यांची पात्रे एकरंगी झाली आहेत. असे असले, तरी भय आणि चीड ह्या मार्कसच्या भावना जिवंतपणे उतरल्या आहेत. छळापुढे तो खचतो आणि आपल्या कृतींमुळे निरपराध्यांना त्रास झाल्याची जाणीव त्याला अस्वस्थ करते. त्यामुळे तो निव्वळ प्रचाराचा नायक राहत नाही.

छापील आवृत्तीबरोबरच डॉक्टरोने ही कादंबरी ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखाली इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध करून दिली. तिला २००९ मध्ये प्रॉमीथिअस पुरस्कार व जॉन डब्ल्यू. कँबेल स्मृतिपुरस्कार मिळाले. होमलँड (२०१३) व अटॅक सर्फेस (२०२०) ह्या कादंबऱ्या ह्याच मालिकेतील होत. अमेरिकन गुप्तचर संस्थेची व्यापक पाळत २०१३ मध्ये उघडकीस आणणाऱ्या एडवर्ड स्नोडेनने पहिल्या दोन कादंबऱ्यांच्या २०२० च्या संयुक्त आवृत्तीला प्रस्तावना लिहिली. कल्पित म्हणून रंगविलेला प्रश्न प्रत्यक्षाच्या किती निकट होता, हे त्यावरून दिसून येते.