आधी आई दाखवा म्हणा

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो, अन् तिथंच लोक हौसेनं हस्की पाळतात! आम्ही अमरावतीचे स्वयंसेवक रस्त्यावर सोडलेली जातिवंत कुत्री उचलतो. त्यात माद्या जास्त. आचळं लोंबलेली, केस झडलेले. विणं थांबलं की मालकानं बडनेरा रोडला सोडून दिलेल्या.

नियम आहेत हो. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करणाऱ्यानं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. दीड वर्षाच्या आत मादी लावायची नाही, आयुष्यात पाचच्या वर वेतं नकोत, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. पण १९६० च्या मूळ कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. एवढ्यात आमच्याकडं गिलावड्याची एक प्लेट येते. धाक कोणाला वाटणार?

म्हणून मी गिऱ्हाइकालाच सांगते: नोंदणीचा कागद मागा, अन् पिल्लाची आई दाखवा म्हणा. विकणारा कां-कूं करू लागला की समजून जा. मग पत्ता पशुसंवर्धन खात्याच्या जिल्हा कार्यालयात लेखी द्या, अन् पोचपावती घेतल्याशिवाय उठू नका.